धाव किती लांब कापावी?

परिघाचे सूत्र मुलांना पाठ असते. पण ‘पाय म्हणजे काय?’ असे विचारले, की बहुतेक वर्गांतून ‘बावीस सप्तमांश’ एवढेच उत्तर येते. हे उत्तर कितपत खरे, ते आम्ही बैलगाडीच्या चाकावर तपासून पाहणार आहोत.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात उसाच्या गाड्यांना आता रबरी टायर दिसतात. तरी एखादे जुने लाकडी चाक गावात सापडतेच. त्याच्या कडेवरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. समजा, चाकाची त्रिज्या ७० सेंमी, म्हणजे व्यास १४० सेंमी आहे. पट्टी किती लांब हवी?

व्यासाची तिप्पट केली तर ४२० सेंमी. पाय २२/७ धरला तर ४४० सेंमी. ३.१४१६ धरला तर ४३९.८२ सेंमी.

धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. तापवली की ती प्रसरण पावते; मग चाकावर चढवून वर पाणी ओततात. ती आकसते आणि चाक घट्ट आवळते. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सियसला सुमारे एक लक्षांश पटीने वाढते. तापमान ६०० अंशांनी वाढले, तर ४४० सेंमीची धाव जेमतेम ३ सेंमी वाढेल. म्हणजे २० सेंमीची तूट कितीही तापवले तरी भरून निघणार नाही. उलट २२/७ मुळे पडणारा फरक दोन मिलिमीटरही नाही. या कामाला २२/७ पुरतो, पण तो पाय नव्हे. पाय कोणत्याही अपूर्णांकात नेमका लिहिता येत नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे म्हणूनच.

आणखी एक गोष्ट. त्रिज्या मोजताना १ सेंमी चूक झाली, तर परिघात सहा सेंमीहून अधिक फरक पडतो, मग वर्तुळ बांगडीएवढे असो की विहिरीएवढे! म्हणून चाकाच्या कडेवर खडूची खूण करून ते जमिनीवर एक फेरा सरळ फिरवावे आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. त्याला व्यासाने भागून काय येते, ते मुलांनाच सांगू द्यावे. ताट, बादली, सायकलचे चाक यांवरही हाच प्रयोग करून तक्ता फळ्यावर मांडावा. व्यास बदलतो, भागाकार जवळजवळ तोच राहतो. मुलांना पाय असा भेटावा, असे आम्हांस वाटते.