भाड्याची मोटार की जाणता वाटाड्या?

दिवाळीची सुट्टी जवळ येऊ लागली की दक्षिण महाराष्ट्रातील अनेक जैन घरांत एक बेत हमखास निघतो. आजी-आजोबांचे गुडघे अद्याप साथ देत आहेत, नातवंडांच्या परीक्षा संपल्या आहेत. तेव्हा एकदा सर्वांनी मिळून श्रवणबेळगोळला जाऊन यावे. जोडून हळेबीड, धर्मस्थळ, मूडबिद्री, कारकळ ही स्थळेही करावीत. बेताला कोणाचाच विरोध नसतो. वाद सुरू होतो तो नंतर. मुलाचे म्हणणे असे की, मोटार भाड्याने घेऊ, चालवायला मी आहेच. हवे तेथे थांबू, हवे तेव्हा निघू. सूनबाईंनी कोठेतरी चौकशी केलेली असते, त्यांना वाटते की सोबत एखादा गाइडच घ्यावा, म्हणजे पाहण्यासारखे काही सुटणार नाही. आजोबा दोहोंचा खर्च विचारतात आणि आजी विचारते, सूर्यास्ताच्या आत जेवणाची सोय कोण पाहणार?

आजीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु पहिल्या दोन पर्यायांचा हिशेब आधी मांडलेला बरा, कारण बहुतेक घरांत निर्णय होतो तो खर्चावर, आणि तो खर्चही पुष्कळदा अर्धवट मांडलेला असतो.

समजा, घरची सहा माणसे, पाच दिवस आणि एकूण १,४०० किलोमीटरचा प्रवास. स्वतः चालवण्यासाठी घेतलेल्या सात आसनी मोटारीचे भाडे दिवसाला ३,५०० रुपये धरले तर पाच दिवसांचे १७,५०० झाले. लिटरला १४ किलोमीटर या हिशेबाने १०० लिटर डिझेल, लिटरला ९५ रुपये धरून ९,५०० रुपये. एकूण २७,०००. आता चालकासह मोटार घेतली तर बहुतेक व्यावसायिक दिवसाला किमान ३०० किलोमीटरची आकारणी करतात. म्हणजे प्रत्यक्ष प्रवास १,४०० किलोमीटर झाला तरी पैसे १,५०० किलोमीटरचे. दर १८ रुपये धरला तर २७,०००, आणि चालकाचा भत्ता दिवसाला ५०० प्रमाणे २,५००. एकूण २९,५००. पथकर दोन्हीकडे सारखाच. हे दर गावागणिक आणि हंगामानुसार बदलतात. येथे ते केवळ हिशेबाची रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. पण रीत तीच राहते, आणि ती असे दाखवते की दोहोंतील फरक २,५०० रुपयांचा, म्हणजे माणशी दररोज सुमारे ८३ रुपयांचा आहे. शिवाय स्वतः चालवण्याच्या मोटारीसाठी अनामत रक्कम अडकून पडते, आणि गाडीवर एखादा ओरखडा उमटला तर त्या अनामतीतून काय कापले जाईल ते करारपत्रातील बारीक अक्षरांवर अवलंबून असते. ती अक्षरे सही करण्यापूर्वी वाचणारे फारच थोडे.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट येथेच नमूद करावी. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीची क्रमांकपट्टी काळी असते व तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या पर्यटक टॅक्सीची पट्टी पिवळी व अक्षरे काळी. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पट्टीची खाजगी मोटार पैसे देऊन नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती स्वस्त पडते, पण खाजगी वाहनाचा विमा भाड्याने दिलेल्या वापरासाठी नसतो. घाटात अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग वाचलेले दोन-चार हजार रुपये कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. टॅक्सी घेतानाही तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे की नाही हे आधी विचारावे. नसेल तर कर्नाटकाच्या हद्दीवर कर भरण्यात सकाळ जाते.

आता खर्च बाजूला ठेवून दुसरी बाब. घरातील जो मुलगा गाडी चालवतो, तो सहलीला गेलेला असतो असे म्हणणे कठीण आहे. तो सर्वांना नेतो आणि आणतो. कोल्हापूरहून श्रवणबेळगोळ पाचशे किलोमीटरहून अधिक आहे. तेवढे अंतर कापून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढतो, आणि उतरल्यावर पुन्हा चक्र हाती घेतो. पुढे किनाऱ्याकडे उतरताना शिराडी किंवा चार्माडी घाट लागतो. चार्माडीची वळणे अरुंद आहेत. शिराडीत अवजड मालमोटारींची रांग असते आणि पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंदही पडतो. या वाटेवर रोज जाणारा चालक आणि प्रथमच जाणारा मुलगा यांत फरक आहे. मागे बसलेली आई प्रत्येक वळणावर णमोकार म्हणत असेल तर तो फरक तिलाही कळलेला असतो.

मोटारीचे अंतरच कमी करण्याचा एक मार्ग अनेकांना सुचत नाही. मिरजेहून हुबळी, दावणगेरे, अरसीकेरे या मार्गाने बंगळूरला जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. अरसीकेरेला उतरून तेथून पुढे स्थानिक चालकाची मोटार घेतली तर जाता-येतानाचे सुमारे हजार किलोमीटर रस्ता वाचतो. स्थानिक चालकाला कोठल्या मठात उतरण्याची सोय होते, कोठे कांदा-लसणाविना आणि कंदमुळाविना जेवण मिळते, ते ठाऊक असण्याचा संभव अधिक. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्याकडेच मिळते. गाडी अरसीकेरेला किती वाजता पोचते ते मात्र वेळापत्रकात पाहूनच बेत आखावा. लहान मुलांना घेऊन अवेळी स्थानकावर बसणे सुखाचे नसते.

मोटारीचा प्रश्न असा सुटला तरी वाटाड्याचा उरतोच. पाचही दिवस सोबत राहणारा गाइड घेतला तर पहिली अडचण आसनाची: सहा माणसे आणि चालक मिळून सात आसनी मोटार भरते, गाइड बसणार कोठे? दुसरी अडचण अशी की, हासनच्या पठारावरील शिल्पे जाणणारा माणूस किनाऱ्यावरील बसद्यांविषयी तितकेच जाणत असेल असे नाही. पण म्हणून गाइड नकोच, हा निष्कर्ष काढण्यापूर्वी श्रवणबेळगोळच्या शिखरावर काय घडते ते पाहावे.

कुटुंब वर पोचते. आजी-आजोबा डोलीतून आलेले असतात, म्हणून ते आधी पोचतात. समोर सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती. गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. सर्वजण मान वर करून पाहतात, दर्शन घेतात, छायाचित्रे काढतात. अर्ध्या तासात उतरण सुरू होते. मान वरच राहिल्यामुळे पायांलगतची अक्षरे कोणीच पाहिलेली नसतात. तेथे कन्नड आणि तमिळ ओळींच्या सोबतीला नागरी लिपीत मराठी ओळी कोरलेल्या आहेत. त्यांतील ‘श्री चावुंडराजें करवियलें’ हे शब्द अनेक पिढ्यांनी शाळेत मराठीतील पहिले कोरीव वाक्य म्हणून वाचले. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि रायगड जिल्ह्यातील अक्षीचा शिलालेख त्याहून जुना मानणारेही आहेत. तो वाद चालू राहो. पण ज्या घरात मराठी बोलली जाते आणि ज्या घरात बाहुबलींची पूजा होते, त्या घरातील मुलाने या दोन्ही गोष्टी एका दगडावर पाहाव्यात, आणि पाचशे किलोमीटर जाऊनही त्या न पाहता परत यावे, यासारखे नुकसान दुसरे नाही. ते कोठल्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही इतकेच.

दुसऱ्या ओळीत आणखी एक नाव आहे: गंगराज. त्याने मूर्तीभोवतीचे सुत्तालय, म्हणजे सभोवतीचा बंदिस्त आवार, करवले असे ती ओळ सांगते. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. समोरच्या चंद्रगिरीवर विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी हिने बांधलेली बसदी उभी आहे; त्याच टेकडीवरील चंद्रगुप्त बसदीच्या दगडी जाळीवर आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांची कथा लहान लहान चौकटींत कोरली आहे. चंद्रगिरीवर पायऱ्या कमी आहेत आणि गर्दीही कमी. बहुतेक कुटुंबे ती टेकडी वेळ नाही म्हणून सोडतात. ज्यांना विंध्यगिरी झेपणार नाही अशा ज्येष्ठांसाठी खरे तर तीच अधिक सोयीची.

गंगराजाचे नाव लक्षात ठेवून हळेबीडला जावे. येथे होयसळांची राजधानी द्वारसमुद्र होती. होयसळेश्वर मंदिराशी गाइडांची गर्दी असते. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर यांची होयसळ मंदिरे २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यापासून हे मंदिर अधिकच प्रसिद्ध झाले आहे. त्याची शिल्पे अप्रतिम आहेत आणि ती समजावून घेण्यासाठी गाइड घ्यावाच. परंतु तेथून अगदी थोड्या अंतरावर, बस्तीहळ्ळी येथे, तीन जैन बसद्या आहेत, आणि बहुतेक मोटारी त्यांच्याकडे न वळताच बेलूरच्या रस्त्याला लागतात. चालकाला कोणी सांगितलेले नसते आणि ठरावीक फेरीत ते स्थान नसते. त्यांतील पार्श्वनाथ बसदी ११३३ मध्ये बांधली ती गंगराजाचा पुत्र बोप्प याने, पित्याच्या स्मरणार्थ. प्रतिष्ठेनंतर पूजेचा प्रसाद घेऊन पुरोहित राजाकडे गेले तेव्हा विष्णुवर्धनाला युद्धात जय मिळाला होता आणि पुत्रही झाला होता. म्हणून त्याने देवाला विजय पार्श्व हे नाव दिले, अशी हकीकत शिलालेखात आहे. आतील स्तंभ इतके घोटीव आहेत की त्यांच्या काळ्या पृष्ठभागावर पाहणाऱ्याचे प्रतिबिंब उमटते. मुलांना ही बसदी होयसळेश्वराहून अधिक आवडली तर नवल नाही.

श्रवणबेळगोळच्या दगडावरील बाप आणि हळेबीडच्या बसदीतील मुलगा यांची सांगड मोटार घालून देत नाही. ती माणूसच घालून देतो, किंवा घरातून निघण्यापूर्वी केलेले वाचन. वाचनाचे काम आजोबांकडे सोपवायला हरकत नाही. निवृत्तीनंतरच्या वेळेचा याहून चांगला उपयोग कोणता? पण आजोबांनाही प्रत्यक्ष दगडावर ओळ कोठे आहे ते दाखवणारा कोणी लागतोच.

म्हणून गाइड स्थळागणिक घ्यावा, पाच दिवसांसाठी नव्हे. पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहावे आणि मोबदला आधी ठरवावा. दुकानात नेणार नाही हेही कबूल करून घ्यावे, कारण चंदनाच्या वस्तूंच्या दुकानातील दलालीवर ज्याची नजर असते, त्याचे शिल्पांकडे लक्ष राहत नाही. भाषेबद्दलही विचारावे. मराठी बोलणारा मिळेलच असे नाही, पण हिंदी चालते, आणि मुलांनी मध्ये प्रश्न विचारले तर चिडत नाही ना, हे पाच मिनिटांच्या बोलण्यात कळते. शेवटी दोन प्रश्न करावेत. श्रवणबेळगोळला: मराठी ओळी कोणत्या पायाशी आहेत? हळेबीडला: बसद्या दाखवाल का, आणि तेथे किती वेळ द्याल? ज्याला या प्रश्नांचा अर्थ लागत नाही, त्याला नम्रपणे नकार द्यावा. ओळखपत्र नसलेला एखादा म्हातारा पुजारी या बाबतीत अधिक जाणता निघतो, हेही ध्यानात असावे.

किनाऱ्यावरील स्थळांना हा विचार थोडा सैल करता येतो. वेणूर आणि धर्मस्थळ येथील बाहुबली मूर्ती पाहण्यास गाइडची फारशी गरज नाही. कारकळची ४२ फुटी मूर्ती १४३२ मधील. तेथे वाहन टेकडीवर बरेच वर जाते, त्यामुळे ज्येष्ठांना चढण कमी पडते. मूडबिद्रीच्या हजार खांबांच्या बसदीत मात्र कोणीतरी दाखवणारा हवा. तेथील मंडपाच्या खालच्या पट्टीवर जिराफ आणि चिनी पद्धतीचा ड्रॅगन कोरलेला आहे. समुद्रापलीकडे चालणाऱ्या व्यापाराची ती खूण सांगणारा नसेल तर दिसत नाही, आणि सांगितली तर नातवंडे पुढचा तासभर इतर खांबांवर प्राणी शोधत फिरतात.

राहिला आजीचा प्रश्न. श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ आणि मूडबिद्री येथे यात्रेकरूंच्या भोजनाची सोय होते, पण हळेबीडचा दिवस कठीण. नोव्हेंबरात तेथे सहाच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा गाइडला होयसळेश्वर आधी व बसद्या नंतर असा क्रम सांगावा आणि चालकाला चार वाजता बसदीच्या दाराशी उभे राहण्यास बजावावे. हासन तेथून तासाभराच्या आत आहे. सकाळी निघताना सांगून ठेवले असेल तर पाचनंतर पान वाढलेले असते.