‘चंद्रकांता’: पुस्तकातली की टीव्हीवरची?

उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकात चार मराठी-हिंदी दोस्त जमले की जुन्या दूरदर्शनवरच्या ‘चंद्रकांता’चा विषय काढून बघा. वाचक आणि प्रेक्षक असे दोन तट पडलेच म्हणून समजा!

देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ची. ती वाचायला लोक हिंदी शिकले, असं सांगतात. १९९४मध्ये नीरजा गुलेरींनी तिच्यावर मालिका केली.

मालिकेबद्दलची वाचकांची तक्रार रास्त आहे. कादंबरीतला तिलिस्म, म्हणजे गूढ भुलभुलैया, कळसूत्री यंत्रांवर चालतो. ऐयारांची, म्हणजे चतुर हेरांची, भिस्त वेषांतरावर आणि बेशुद्धीच्या औषधांवर. मालिकेत सरळ जादूटोणा घुसला.

पण अखिलेंद्र मिश्रांचा ‘यक्कू’ म्हणणारा खलनायक क्रूरसिंह? ती ढब पडद्याचीच देणगी!

माझं मत: कथेसाठी खत्री, क्रूरसिंहासाठी मालिका. तुम्ही कोणत्या तटातले?