लेकीला पायलट व्हायचंय? सातबारा काढण्याआधी हे विचारा

ताईंनो, मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत म्हसवडकडच्या एका ताईनं विचारलं, "पोरगी बारावी सायन्सला हाय, पायलट व्हायचं म्हणती. एकजण घरी आलेला, पन्नास लाखात लायसन आन् नोकरी दोन्ही देतो म्हणाला. जमीन गहाण टाकू का?" दोघी-तिघी हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नाही. आपल्या देशात शंभर पायलटांत पंधराच्या आसपास बाया आहेत; जगात पाच-सहाच. पोरीचं काही चुकलेलं नाही. चुकेल ती घाई.

विमान चालवून पगार घ्यायचा तर कमर्शियल पायलट लायसन लागतं. ते फ्लाइंग स्कूल देत नाही. ते देतं दिल्लीचं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं. शाळा फक्त शिकवते. वय 18 पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि गणित, डॉक्टरी तपासणी, लेखी पेपर आणि 200 तासांचं उड्डाण, एवढं लागतं. नोकरीची हमी कुणी देत असेल तर ती कागदावर मागा. माणूस दुसऱ्यांदा यायचा नाही.

खरा पैसा जातो त्या 200 तासांत. म्हणून स्वस्तातली कामं आधी उरका. डॉक्टरी तपासणी दोन टप्प्यांत होते, आधी क्लास टू, मग क्लास वन. ती डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते आणि खर्च काही हजारांत भागतो. नुसत्या चष्म्यानं पोरगी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर अडचण येते. हे फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग लेखी पेपर: दिशा काढणं, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती. पास व्हायला 70 टक्के लागतात. यांचा अभ्यास उड्डाणाची फी भरण्याआधीच करता येतो. पोरीचं मन त्यात किती रमतं, तेही तेव्हाच दिसतं.

आता शाळा. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे इथं उड्डाण शिकवतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. शाळेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते पहिलं बघा. 2025 पासून डीजीसीए शाळांना श्रेणीही देतं, तीही बघा.

शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. इथं माहितीपत्रकावरचा फोटो बघून पन्नास लाख द्यायचे? शाळेत जाऊन विचारा: विमानं किती, आणि त्यातली आज उडणारी किती? एका विमानामागं पोरं किती? शिकवणारे किती? मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत झाले? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दीड वर्षात होईल म्हणतात, पण विमान दुरुस्तीला, शिकवणारा सोडून गेलेला, वर पावसाळा, असं करत काम लांबतं. व्याज मात्र थांबत नाही. हॉस्टेलचं भाडंही नाही. कार्यालयात उत्तर मिळालं की बाहेर चहाच्या टपरीवर तिथल्या पोरापोरींना तेच परत विचारा.

सुरक्षेचंही विचारायला लाजू नका. 2023 च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत शिकाऊ उड्डाणाची दोन विमानं कोसळली आणि डीजीसीएनं त्या संस्थेची उड्डाणं थांबवली. अशा वेळी भरलेल्या फीचं काय होतं, हे करारात लिहिलेलं हवं. फी एकरकमी भरू नका. जेवढे तास उडाले तेवढा हप्ता. पोरींचं हॉस्टेल आणि तक्रार समिती आहे का, तेही बघा.

पैशाचं सांगायचं तर हा आकडा आपल्या गटाच्या कर्जात बसणारा नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात, आणि कोरडवाहू जमीन चालेलच असं नाही. व्यवस्थापकाला आधी विचारा. शिवाय लायसननंतर मोठं विमान चालवायचं वेगळं शिक्षण असतं. त्याचे बऱ्याचदा दहा लाखांच्या वर जातात, आणि एजंट ते सांगत नाही.

जमिनीला हात लावण्याआधी शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत हा कोर्स धरलेला आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी महाज्योती संस्थेनं मागे नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत हे प्रशिक्षण दिलं होतं. आपल्या माणातल्या धनगर पोरींनी तिकडच्या जाहिरातीवर डोळा ठेवावा. अर्जाला जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा किंवा नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, आणि पडताळणीला महिने जातात. पोरगी अकरावीत असेल तर दहिवडीच्या तहसीलला या आठवड्यातच चक्कर मारा.