ऑर्डर ब्राझीलची, डिलिव्हरी ब्रिटनला: सहा विनाशिकांची गोष्ट

समजा, तुम्ही एका क्लायंटसाठी सॉफ्टवेअर बनवताय. काम बरंच पुढे गेलंय आणि अचानक क्लायंटच बदलला. नव्या क्लायंटची गरज वेगळी आणि वेळ तर अजिबात नाही. १९३९ मध्ये ब्रिटिश गोद्यांमध्ये नेमकं हेच झालं.

ब्राझीलने ब्रिटनकडे सहा विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर, मागवल्या होत्या. डिझाइन ब्रिटनच्याच 'एच' क्लासवर आधारलेलं होतं. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि ५ सप्टेंबरला या सहाही बोटी रॉयल नेव्हीने विकत घेतल्या. डिझाइन ओळखीचं असल्याने हे सोपं गेलं.

बदल काय केले?

जहाजाचं वजनाचं बजेट ठरलेलं असतं. वर जास्त वजन चढवलं की जहाज डोलायला लागतं. म्हणून नवं काही घ्यायचं तर जुनं काही उतरवावं लागतं. अटलांटिकमध्ये धोका पाणबुड्यांचा होता, त्यामुळे चारपैकी मागची एक तोफ काढली आणि त्या जागी डेप्थ चार्ज वाढवले. डेप्थ चार्ज म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारा स्फोटकांचा पिंप. मूळ 'एच' क्लासवर आधी असे २० असायचे, इथे ११० बसवले.

नावंही बदलली. 'जुरुएना'चं 'हार्टी' झालं, पण नौदलात 'हार्डी' आधीच होती. रेडिओवर घोळ नको म्हणून पुन्हा बदलून 'हेस्परस' केलं. व्हेरिएबलची नावं सारखी ठेवू नका म्हणतात, ते असं!

पुढे काय झालं?

हॅवंट जून १९४० मध्ये डंकर्कला बुडाली. हार्वेस्टर आणि हरिकेन १९४३ मध्ये अटलांटिकमध्ये गेल्या. हेस्परसने डिसेंबर १९४२ मध्ये यू-३५७ या पाणबुडीला धडक देऊन बुडवलं आणि स्वतः युद्धातून वाचली.

आणि ब्राझील? त्यांनी याच आराखड्यावर सहा विनाशिका रिओमध्ये स्वतः बांधायला घेतल्या, पण त्या तयार होईपर्यंत युद्ध संपून गेलं होतं. त्याआधीच, ऑगस्ट १९४२ मध्ये, जर्मन पाणबुडीने ब्राझीलची जहाजं बुडवली, शेकडो माणसं गेली आणि ब्राझील युद्धात उतरला. त्या क्षणी पाणबुड्यांची शिकार करणाऱ्या त्यांच्या बोटी समुद्रात होत्याच, फक्त झेंडा दुसऱ्याचा होता.

ऑर्डर दिली म्हणजे वस्तू आपली झाली असं नाही. ती कुठे बनते, हेही तितकंच महत्त्वाचं.