कॉन्स्टेबल, जॉन
(११ जून १७७६ – ३१ मार्च १८३७). प्रख्यात इंग्रज निसर्गचित्रकार. जन्म सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट येथे एका सधन गिरणीमालकाच्या कुटुंबात. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण. इंग्लंडबाहेर तो कधीच गेला नाही. स्टूर नदीकाठचा परिचित परिसर हाच त्याचा आवडता विषय.

निसर्गचित्रणाविषयीचे त्याचे चिंतन मित्र जॉन फिशर यास लिहिलेल्या पत्रांत व १८३६ मधील रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानांत आढळते. चित्रकला हे शास्त्र असून निसर्गनियमांचा शोध हे तिचे कार्य होय, असे तो मानी. निसर्गदृश्यातील भाव मुख्यतः आकाशातून प्रकट होतो, ही त्याची धारणा. तदनुसार १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे त्याने मेघांचे अनेक तैलरंगी अभ्यास केले व त्यांपैकी पुष्कळांच्या मागे दिनांक, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदविली. द हे वेन (१८२१) या चित्रातील शांतता म्हणूनच निश्चल वाटत नाही : पाण्यात गाडी थांबलेली असली, तरी वर ढग सरकत आहेत आणि कुरणावर ऊनसावली पसरली आहे. लंडनच्या प्रदर्शनात ते विकले गेले नाही. पॅरिसच्या १८२४ च्या सालाँमध्ये मात्र त्यास सुवर्णपदक लाभले. पत्नीच्या निधनानंतर (१८२८) रंगविलेल्या हॅडली कॅसल (१८२९) या चित्रात ही प्रसन्नता मावळली असून, भग्न बुरूज व वादळी आकाश यांनी ते व्यापले आहे.