सानिया मिर्झा : मनगट दुखावलं, एकेरी सुटली, तरी दुहेरीत जगात पहिली कशी आली?

महिला टेनिस म्हटलं की आपल्याकडं पहिलं नाव निघतं सानिया मिर्झाचं. पण तिची सहाही ग्रँड स्लॅम विजेतेपदं दुहेरीतली आहेत, हे अनेकांच्या लक्षात नसतं. असं का झालं, ते समजून घेऊ.

सुरुवात एकेरीतूनच

सानियाचा जन्म १९८६ मध्ये मुंबईत झाला, ती वाढली मात्र हैदराबादेत. वयाच्या सहाव्या वर्षी खेळायला लागली. वडील इम्रान मिर्झा यांनीच तिला घडवलं. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर पोहोचली.

मग घात कुठं झाला?

उजव्या हाताचा जोरदार फोरहँड हीच तिची ताकद. नेमकं तेच मनगट दुखावलं. २००८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. पुढंही दुखापतींनी पाठ सोडली नाही. अखेर २०१३ पासून तिनं एकेरी सोडून फक्त दुहेरी खेळायचं ठरवलं.

दुहेरीत फरक काय?

एकेरीत सगळं मैदान एकट्यानं पळून सांभाळायचं आणि एक गेम सोडून एक सर्व्हिस करायची. दुहेरीत मैदान जोडीदारासोबत वाटलं जातं आणि सर्व्हिस चार गेममध्ये एकदाच येते. त्यामुळं अंगावरचा ताण कमी होतो. पण नेटजवळ चपळाई लागते आणि जोडीदाराशी मेळ जमावा लागतो.

तो मेळ स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगीसबरोबर जमला. एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली आली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या जोडीनं २०१५ चं विम्बल्डन, त्याच वर्षीची अमेरिकन ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सलग ४१ सामने या दोघी हरल्या नाहीत. उरलेली तीन विजेतेपदं मिश्र दुहेरीतली : दोन महेश भूपतीसोबत, एक ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेससोबत.

आई झाल्यावरही मैदानात

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. 'आता संपलं' असं वाटत असताना जानेवारी २०२० मध्ये परतली आणि पहिलीच स्पर्धा, होबार्टची दुहेरी, जिंकली. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली. ती हरली, पण पुढच्याच महिन्यात दुबईत खेळून तिनं स्वतःच्या मर्जीनं रॅकेट खाली ठेवली.