सेंद्रिय भाजी : कोणती घ्यावी, कोणती सोडावी?



आठवड्याच्या बाजाराला आपण निघतो तेव्हा पिशवी मोठी असते, पण खिसा लहान असतो. एकीकडे नेहमीची भाजी, दुसरीकडे ‘सेंद्रिय’ अशी पाटी. आणि भाव पाहावा तर कधी दीडपट, कधी दुप्पट! मुलांच्या पोटात फवारणीचे औषध जाऊ नये, हे खरे. पण पैसा आणायचा कोठून?

पहिली गोष्ट ही की, सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजीच कमी करायची, असे करू नका. मूठभर सेंद्रिय भाजीपेक्षा पोटभर साधी भाजी बरी.

मग चार पैसे जास्त द्यायचे ते कोठे? याला सोपी कसोटी आहे ती सालीची. केळी, नारळ, फणस, कलिंगड, कांदा, मटार यांची साल किंवा शेंग आपण टाकून देतो. औषधाचा बराच अंश तिच्याबरोबर जातो. ही नेहमीचीच घ्या. उलट द्राक्षे, सफरचंद, टोमॅटो, ढोबळी मिरची, पालक, कोथिंबीर ही सालीपानासकट पोटात जातात. चार पैसे शिल्लक असतील तर ते येथे खर्च करावेत. त्यातही जी वस्तू मुले रोज खातात, तिला पहिला मान.

कोणी म्हणेल, धुतले की झाले! धुवावे तर खरेच, आणि वाहत्या पाण्यात चोळून धुवावे. २०१७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा सोडा, या प्रमाणाच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर वरची औषधे निघून गेली. पण सालीच्या आत मुरलेला अंश तसाच राहिला. आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून फिरतात, ती धुऊन कशी जाणार? सेंद्रिय भाजीही धुवावी, बरं का. शेणखताची माती तिला लागलेली असते.

तिसरी गोष्ट हंगामाची. अवेळी पिकवलेल्या भाजीला कीड-रोगापासून जपण्यासाठी पुष्कळदा जास्त फवारे लागतात. पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, भारंगी, दारचा शेवगा, परसातला अळू यांना कोण फवारतो? पाटी नसली तरी या भाज्या सेंद्रियच, आणि स्वस्तही.

आता पाटीवर विश्वास किती ठेवावा? २०१७ च्या सरकारी नियमांनुसार बांधीव सेंद्रिय मालावर प्रमाणपत्राची खूण व सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह पाहावे. माल शेतकऱ्याकडूनच घेत असाल तर सरळ विचारा : “दादा, शेवटची फवारणी कधी केली? कशाची?” औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, ते लिहिलेले असते. तेवढे दिवस पाळणारा शेतकरी सेंद्रिय नसला, तरी प्रामाणिक आहे. त्याची भाजी बेलाशक घ्या.

आणि शेतकरी बंधूंनो, हे दिवस पाळणे तुमच्याच हाती आहे. आज फवारून उद्या बाजारात नेलेली मेथी कोणा लेकराच्या ताटात जाणार आहे, आणि ते लेकरू कदाचित आपल्याच गावचे असेल.

गुरुजींना एक विनंती. शाळेच्या आवारात पालक-मेथीचे दोन वाफे मुलांकडून करून घ्या. सांडपाणी आणि पालापाचोळ्याचे खत एवढ्यावर ते होतात. खिशाला परवडणारी सेंद्रिय भाजी ती हीच!